मॉन्टे-कार्लो गणनरीतीचें कर्तृत्व : उपलब्ध कागदांवरून एक श्रेयनिर्णय

(१) प्रश्नाचें स्वरूप

एखाद्या कृतीस ज्याचें नांव चिकटलें त्यानेंच ती केली, असें समजण्याकडे लोकांची सहज प्रवृत्ति असते. संशोधकास ही प्रवृत्ति आवरावी लागते. ताम्रपटाच्या आरंभीं राजाची बिरुदावळी असते. तथापि जुने ताम्रपट वाचणारास ठाऊक आहे कीं, शेवटच्या ओळींत पुष्कळदां दूतक कोण, लेख कोणीं लिहिला व पत्रे कोणीं कोरले, हेंही नमूद केलेलें असतें. दान राजाचें, शब्द लेखकाचे आणि अक्षरें कोरणाराचीं, असा हा स्वच्छ हिशेब होय. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेंत जन्मलेल्या एका गणनरीतीच्या इतिहासांत मात्र हा हिशेब नीट ठेवला गेला नाहीं. तो पुन्हां मांडतां येतो कीं काय, हें पाहणें हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ती रीति म्हणजे गणकयंत्रावरील प्रतिरूपण. ज्या घटनेचा प्रयोग प्रत्यक्ष करतां येत नाहीं, आणि जिचीं समीकरणें मांडतां आलीं तरी कागदावर सोडवितां येत नाहींत, त्या घटनेची नियमबद्ध प्रतिकृति आंकड्यांच्या रूपानें यंत्रांत रचावयाची, ती चालवावयाची आणि काय घडतें तें मोजावयाचें, असें ह्या रीतीचें थोडक्यांत स्वरूप आहे. आज हवामानाचा अंदाज, सांथीचा प्रसार, औषधी द्रव्यांच्या रेणूंची घडण, पुलांची बळकटी, इतक्या भिन्न विषयांत तिचा आधार घेतला जातो. तिचा जो प्रकार यदृच्छेनें निवडलेल्या आंकड्यांवर चालतो, त्यास मॉन्टे-कार्लो रीति असें नांव आहे.

तिच्या जन्मकथेंत उलाम, फॉन नॉयमन, मेट्रोपोलिस, फर्मी आणि टेलर हीं नांवें नेहमीं येतात. हीं नांवें खोटीं नाहींत. तीं अपुरीं आहेत. १९४८ ते १९५५ ह्या अवधींतील तीन प्रसिद्ध गणना येथें घेतल्या आहेत. प्रत्येकींत यंत्रास द्यावयाच्या आज्ञा प्रत्यक्ष कोणीं रचिल्या, त्याविषयीं कोणतें प्रमाण उपलब्ध आहे, आणि हा प्रश्न केवळ सौजन्याचा नसून ज्ञानाच्या प्रामाण्याचा कां आहे, ह्या क्रमानें विवेचन केलें आहे.

(२) पूर्वपीठिका

यदृच्छेच्या साहाय्यानें निश्चित उत्तर काढण्याची कल्पना गणकयंत्राहून पुष्कळ जुनी आहे. फ्रान्सांतील निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ ह्यानें १७७७ सालीं प्रसिद्ध केलेला सुईचा प्रश्न गणितज्ञांस परिचित आहे. समांतर रेषा आंखलेल्या फळीवर सुई टाकावी. रेषांमधील अंतर सुईच्या लांबीइतकेंच असेल, तर सुई एखाद्या रेषेस छेदण्याचा संभव दोन भागिले पाय इतका येतो. अर्थात् सुई पुष्कळ वेळां टाकून आणि छेद मोजून पायची किंमत अजमावितां येते. १९०८ सालीं डब्लिन येथील गिनेस मद्यशाळेंत काम करणारा गॉसेट ह्यानें 'स्टूडेंट' ह्या टोपणनांवानें लिहितांना तीन हजार गुन्हेगारांच्या उंचीचीं व डाव्या हाताच्या मधल्या बोटाचीं मापें पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहून, ते पिसून, चार-चारांचे साडेसातशें गट पाडले, आणि आपल्या सूत्राची परीक्षा घेतली.

आपल्या विषयाच्या दृष्टीनें लॉर्ड केल्व्हिन ह्याचा १९०१ चा लेख अधिक महत्त्वाचा आहे. वायूंतील ऊर्जा तिच्या सर्व प्रकारांत सारखी वांटली जाते कीं नाहीं, ह्या वादाचा निकाल लावण्यासाठीं त्यानें चिठ्ठ्या काढून टकरींची दिशा ठरविली, व एकेक टक्कर कागदावर सोडविली. हें कंटाळवाणें गणित मुख्यत्वें त्याचा साहाय्यक विल्यम अँडरसन ह्यानें केलें, आणि केल्व्हिननें त्याचें नांव लेखांत दिलें. ही नोंद पुढील विवेचनासाठीं ध्यानांत ठेवावी.

आमच्या वाचकांस येथें महाभारताच्या वनपर्वांतील नलोपाख्यान आठवेल. राजा ऋतुपर्ण बेहड्याच्या वृक्षाचीं पानें व फळें किती, हें रथांतून जातां जातां सांगतो. नल तीं मोजून पाहतो व संख्या बरोबर ठरते. मग ऋतुपर्ण त्यास अक्षहृदय, म्हणजे फांशांचें रहस्य, शिकवितो. फांशांची विद्या व अंदाजानें मोजण्याची विद्या एकाच पुरुषाच्या ठायीं असावी, ही कथाकाराची सूचना मार्मिक आहे. परंतु तेवढ्यावरून ही रीति आमच्या पूर्वजांस अवगत होती असें म्हणणें हा इतिहास नव्हे. कथेंत परिणाम सांगितला आहे, कृति सांगितलेली नाहीं. आणि कृतीवांचून रीतीचा पुरावा होत नाहीं.

(३) पहिली गणना : एनिॲक, १९४८

पोलंडांत जन्मलेला गणितज्ञ स्तानिस्लाव उलाम हा १९४६ सालीं मेंदूच्या दुखण्यांतून उठत असतां एकट्यानें खेळावयाचा पत्त्यांचा डाव खेळत बसे. डाव सुटण्याचा संभव किती, हें गणितानें काढण्याचा प्रयत्न करून तो थकला. तेव्हां शंभर डाव खेळून किती सुटतात तें मोजावें, हें अधिक सोपें असें त्यास सुचलें. ही हकीकत स्वतः उलामनें मागाहून सांगितलेली आहे. लॉस अलॅमॉस येथें त्या वेळीं अण्वस्त्रांचें काम चालू होतें. विखंडनक्षम धातूंत शिरलेला न्यूट्रॉन किती अंतर जाईल, कोणत्या केंद्रकावर आदळेल, आणि आदळल्यावर उडून जाईल, शोषला जाईल, कीं केंद्रक फोडून नवे न्यूट्रॉन उत्पन्न करील, हा सर्व संभवाचा खेळ होता. जॉन फॉन नॉयमन ह्यानें हें साम्य ओळखलें. रॉबर्ट रिख्टमायर ह्यास ११ मार्च १९४७ रोजीं लिहिलेल्या पत्रांत त्यानें संपूर्ण गणनेचा आराखडा दिला आहे. शंभर न्यूट्रॉन घेऊन त्यांस शंभर पायऱ्यांतून नेण्यास एनिॲक यंत्रावर सुमारें पांच तास लागतील, असा त्याचा अंदाज होता.

'मॉन्टे-कार्लो' हें नांव निकोलस मेट्रोपोलिस ह्यानें सुचविलें. उलामचा एक चुलता उसने पैसे घेऊन तेथील द्यूतगृहीं जात असे, ही गोष्ट त्यास निमित्त झाली. ह्या नांवाचा पहिला प्रसिद्ध लेख मेट्रोपोलिस व उलाम ह्यांनीं १९४९ सालीं लिहिला. मेट्रोपोलिसनें पुढें १९८७ मध्यें असेंही नोंदविलें आहे कीं, एन्रिको फर्मी रोम येथें असतांना, १९३० नंतरच्या वर्षांत, अशाच रीतीनें न्यूट्रॉनांची गणना करीत असे व तिचा कोठें उच्चार करीत नसे. ही माहिती मेट्रोपोलिसला एमिलिओ सेग्रे ह्याच्याकडून मिळाली होती. सेग्रे हा फर्मीचा रोममधील सहकारी असल्यामुळें ही परंपरागत साक्ष असली तरी विश्वसनीय मानण्यास हरकत नाहीं.

आराखडा व गणना ह्यांत मात्र मोठें अंतर असतें. एनिॲक हें सुमारें अठरा हजार निर्वात नलिकांचें यंत्र फिलाडेल्फिया येथें बांधलें गेलें, फेब्रुवारी १९४६ मध्यें लोकांस दाखविण्यांत आलें, आणि पुढील वर्षीं मेरिलंडमधील ॲबर्डीन येथील लष्करी तळावर हलविलें गेलें. त्यास काम देणें म्हणजे आरंभीं शेंकडों तारा व कळा हातानें जोडणें होय. हें काम सहा स्त्रियांनीं शिकून घेतलें : कॅथलीन मॅकनल्टी, जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिश्टरमन. त्या काळापर्यंत इंग्रजींत 'कॉम्प्यूटर' हा शब्द मुख्यत्वें यंत्रास नव्हे, आंकडेमोड करणाऱ्या मनुष्यास लावीत, आणि ह्या सहाही जणी पूर्वीं त्याच पदावर होत्या. संस्कृतांतही 'गणक' म्हणजे ज्योतिषी किंवा हिशेब करणारा मनुष्यच. शब्द मनुष्यावरून यंत्रावर गेला, आणि त्याबरोबर मनुष्याचें कामही यंत्राच्या नांवें जमा झालें.

१९४८ च्या वसंतांत एनिॲकची मांडणी बदलून, लिहिलेल्या आज्ञा क्रमानें पाळण्याची सोय त्यांत करण्यांत आली. लागलीच, एप्रिल-मे महिन्यांत, पहिली मॉन्टे-कार्लो गणना त्यावर झाली. ह्या गणनेसाठीं ॲबर्डीन येथें जाऊन राहिलेल्या दोन व्यक्ति म्हणजे मेट्रोपोलिस आणि क्लारा फॉन नॉयमन. क्लारा ह्या जॉन फॉन नॉयमनच्या पत्नी. त्या १९११ सालीं बुडापेस्ट येथें जन्मल्या. गणिताचें विद्यापीठीय शिक्षण त्यांस मिळालेलें नव्हतें. युद्धकाळांत त्यांनीं प्रिन्स्टन येथील लोकसंख्या-संशोधनाच्या कचेरींत काम केलें होतें. पतीनें काढलेल्या क्रमचित्रांवरून यंत्राच्या भाषेंतील आज्ञा तयार करणें हें काम त्यांजकडे होतें. टॉमस हेग, मार्क प्रीस्टली आणि क्रिस्पिन रोप ह्या तीन इतिहासकारांनीं ह्या गणनेचीं क्रमचित्रें व आज्ञावल्या मूळ दप्तरांतून धुंडून काढल्या, आणि त्यांवर आधारलेला ग्रंथ २०१६ मध्यें प्रसिद्ध केला. सुमारें आठशें आज्ञांच्या ह्या गणनेच्या उपलब्ध कागदांत क्लारा ह्यांचें हस्ताक्षर ओळखूं येतें. हस्ताक्षर हा दस्तऐवजांतील पुरावा कोणत्या प्रतीचा, हें ह्या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको.

एक बारीक गोष्ट येथें नमूद करावी. यंत्रास यादृच्छिक आंकडे कोठून आणावयाचे? फॉन नॉयमननें सुचविलेली युक्ति अशी : एक संख्या घ्यावी, तिचा वर्ग करावा, मधले अंक उचलावे, व त्यांचा पुन्हां वर्ग करावा. १२३४ चा वर्ग १५२२७५६. मागें शून्य लावून आठ अंक केले म्हणजे मधले चार अंक ५२२७. हा पुढील आंकडा. उघडच, हे आंकडे यादृच्छिक नव्हेत, तसे दिसणारे आहेत. आणि कांहीं संख्यांच्या बाबतींत ही मालिका लवकरच शून्यावर येऊन थांबते किंवा त्याच त्या चक्रांत फिरूं लागते. असा बिघाड गणना चालू असतांना ओळखणें हें आज्ञा रचणाराचें काम. सारांश, आज्ञालेखन म्हणजे नक्कल करणें नव्हे.

(४) दुसरी गणना : मॅनिॲक, १९५३

जून १९५३ मध्यें 'जर्नल ऑफ केमिकल फिजिक्स' ह्या मासिकांत सहा पृष्ठांचा एक लेख प्रसिद्ध झाला. त्यावर पांच नांवें आहेत : निकोलस मेट्रोपोलिस, आरियाना रोझेनब्लूथ, मार्शल रोझेनब्लूथ, ऑगस्टा टेलर आणि एडवर्ड टेलर. त्यांतील रीति आज जगभर मेट्रोपोलिस-रीति म्हणून ओळखली जाते. २००० सालीं विसाव्या शतकांतील दहा श्रेष्ठ गणनरीतींची जी यादी एका अमेरिकन संगणनविषयक नियतकालिकानें केली, तींत तिचा समावेश होता.

रीतीचा गाभा थोडक्यांत असा. पुष्कळ कणांचा एक समूह घ्यावा. एक कण उचलून त्यास यदृच्छेनें थोडा हलवून पाहावा. समूहाची ऊर्जा त्यामुळें कमी होत असेल, तर नवी स्थिति स्वीकारावी. ऊर्जा वाढत असेल, तर एक यादृच्छिक आंकडा काढून, तपमानावर अवलंबून असलेल्या ठराविक संभवाप्रमाणेंच ती स्वीकारावी. नाहीं तर कण पूर्वस्थानीं ठेवावा व जुनी स्थितीच पुन्हां एकदां मोजावी. हें लक्षावधि वेळां केलें, म्हणजे निसर्गांत ज्या प्रमाणांत ज्या स्थिति आढळाव्या त्याच प्रमाणांत त्या यंत्रांत भेटतात. १९५३ च्या लेखांत २२४ कठीण चकत्या एका पातळीवर घेतल्या होत्या. चकत्या एकमेकींवर चढल्या तर ती हालचाल रद्द. सर्व चकत्या एकेकदां हलविण्यास मॅनिॲक यंत्रास सुमारें तीन मिनिटें लागत, आणि आलेखावरील एकेक बिंदूस चार-पांच तास.

आतां ह्या रीतीस मेट्रोपोलिसचें नांव कां पडलें? तें लेखावर पहिलें आहे म्हणून. परंतु तें पहिलें कां आहे? वरील पांच आडनांवांचीं रोमन आद्याक्षरें पाहिलीं कीं उत्तर मिळतें : एम्, आर्, आर्, टी, टी. एकाच आडनांवाच्या जोड्यांतही आरियाना हें मार्शलच्या आधीं व ऑगस्टा हें एडवर्डच्या आधीं येतें. संबंध यादी वर्णानुक्रमानें लावलेली आहे. म्हणून तींतील पहिल्या स्थानावरून कर्तृत्वाचें कोणतेंही अनुमान निघत नाहीं, आणि शेवटच्या स्थानावरूनही निघत नाहीं.

ह्या अंतर्गत पुराव्यास बाह्य साक्षीची जोड आहे. लेखास पन्नास वर्षें झालीं त्या निमित्तानें जून २००३ मध्यें लॉस अलॅमॉस येथें भरलेल्या परिषदेंत मार्शल रोझेनब्लूथ ह्यानें आपली हकीकत सांगितली. तिचा आशय असा : समूहाच्या सरासरीची कल्पना टेलरकडून आली, रीतीची गणिती सिद्धता स्वतः मार्शलनें केली, ऑगस्टा टेलर ह्यांनीं आज्ञालेखनास आरंभ केला होता, परंतु आरियाना ह्यांनीं सर्व आज्ञावली नव्यानें लिहिली व गणना पार पाडली, आणि मेट्रोपोलिसचा वांटा यंत्रावर वेळ उपलब्ध करून देण्यापुरता होता. ह्या साक्षीचें वजन करतांना तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, ती अर्धशतकानंतरची आहे. दुसरी, मेट्रोपोलिस १९९९ मध्यें वारला होता. त्यास उत्तर देण्याची संधि नव्हती. तिसरी, साक्षीदार स्वतः श्रेयाचा भागीदार होता. म्हणून त्यानें स्वतःकडे घेतलेला वांटा सावधपणें स्वीकारावा. परंतु दुसऱ्यास दिलेल्या श्रेयाची साक्ष अधिक भरंवशाची असते. आरियाना व मार्शल ह्यांचा विवाह त्यापूर्वीं कित्येक वर्षें संपुष्टांत आलेला असल्यामुळें येथें पक्षपाताचीही शंका उरत नाहीं.

मेट्रोपोलिसवर अन्याय होऊं नये, हेंही पाहिलें पाहिजे. मॅनिॲक हें यंत्र त्याच्या नेतृत्वाखालीं बांधलें गेलें व १९५२ मध्यें चालू झालें. यंत्र नसतें तर रीति कागदावर राहिली असती. एकंदरींत पाहतां मंदिर बांधविणारा तो. मूर्ति दुसऱ्यांनीं घडविली.

आरियाना ह्यांचा जन्म १९२७ सालीं ह्यूस्टन येथें झाला. वयाच्या एकविसाव्या वर्षीं त्यांनीं हार्वर्ड विद्यापीठाची पदार्थविज्ञानांतील डॉक्टरेट मिळविली. पुढें संसार व मुलें ह्यांमुळें त्यांनीं संशोधन सोडलें. २०२० च्या डिसेंबरांत, सांथीच्या काळांत, कॅलिफोर्नियांत त्या वारल्या, तेव्हां वर्तमानपत्रांतून त्यांचें नांव प्रथमच अनेकांच्या वाचनांत आलें.

(५) तिसरी गणना : कंपित तारेचा प्रश्न, १९५५

मे १९५५ चा लॉस अलॅमॉस प्रयोगशाळेचा एक अहवाल 'फर्मी-पास्ता-उलाम' ह्या नांवानें प्रसिद्ध आहे. ह्या गणनेंत यदृच्छेचा उपयोग नाहीं. परंतु ती प्रतिरूपणाच्या इतिहासांतील एक सीमा मानली जाते. स्प्रिंगांनीं जोडलेल्या कणांची एक सांखळी घेतली. स्प्रिंगांच्या ओढींत सरळ प्रमाणाहून किंचित् वांकडेपणा ठेवला. सांखळी एका साध्या कंपनांत सोडून दिली, आणि मॅनिॲकवर पुढें काय होतें तें पाहिलें. अपेक्षा अशी कीं, ऊर्जा हळूहळू सर्व कंपनप्रकारांत सारखी वांटली जाईल. केल्व्हिननें चिठ्ठ्या काढून ज्या प्रश्नाचा पाठलाग केला होता तोच हा प्रश्न. घडलें तें उलटेंच : कांहीं थोड्या प्रकारांत फिरून ऊर्जा जवळजवळ संपूर्णपणें पहिल्या प्रकारांत परत आली. ह्या अनपेक्षित उत्तराचा उलगडा करतां करतां १९६५ मध्यें झाबुस्की व क्रुस्काल ह्यांस एकाकी तरंगांचा, म्हणजे सॉलिटॉनांचा, शोध लागला. फर्मी अहवालापूर्वींच, नोव्हेंबर १९५४ मध्यें, निवर्तला होता.

ह्या अहवालाचें मुखपृष्ठ काळजीपूर्वक वाचण्यासारखें आहे. त्यावर दोन निरनिराळ्या नोंदी आहेत. अहवाल लिहिणारे म्हणून फर्मी, पास्ता व उलाम हीं तीन नांवें आहेत. काम करणारे म्हणून तींच तीन व चौथें मेरी त्सिंगू हें नांव आहे. आंत एका तळटीपेंत आज्ञालेखनाबद्दल व यंत्र चालविल्याबद्दल त्यांचे आभारही मानले आहेत. म्हणजे येथें पुरावा दडलेला नव्हता. तो पहिल्याच पानावर होता. तरी अर्धशतकभर तीन नांवेंच उच्चारलीं गेलीं, कारण वाचणारांनीं 'लिहिणारे' व 'करणारे' ह्यांतील भेद पाहिला नाहीं.

ह्या विस्मरणास आणखी एक कारण झालें, आणि तें वंशावळी जुळविणारास चांगलें परिचित आहे. मेरी त्सिंगू ह्यांचें आडनांव विवाहानंतर मेंझेल असें झालें. १९७२ मध्यें टक व मेंझेल ह्यांनीं ह्याच सांखळीच्या अधिक दीर्घ गणनेवर लेख लिहिला. तो प्रश्नाच्या अभ्यासकांस माहीत होता. परंतु त्यांतील मेंझेल म्हणजे १९५५ मधील त्सिंगू, हें फार थोड्यांच्या ध्यानीं आलें. फ्रेंच पदार्थशास्त्रज्ञ तिएरी दोक्वा ह्यानें २००८ मध्यें एका लेखांत ह्या दोन नांवांची एकवाक्यता दाखविली, त्सिंगू ह्यांच्या हातचें क्रमचित्र छापलें, आणि प्रश्नाच्या नांवांत चौथें नांव जोडावें असें सुचविलें. त्यानंतर पुष्कळ लेखक तसें करूं लागले आहेत.

(६) आक्षेप व त्याचें उत्तर

कोणी म्हणेल, लेखनिकास ग्रंथकार म्हणणें योग्य नव्हे. ज्ञानेश्वरी सच्चिदानंदबाबांनीं लिहून घेतली, म्हणून ती त्यांची होत नाहीं. हा आक्षेप विचारार्ह आहे. त्यास पहिलें उत्तर असें कीं, ज्या परंपरेनें ज्ञानेश्वरी ज्ञानेश्वरांची मानली, तिनेंच सच्चिदानंदबाबांचें नांव ग्रंथाच्या शेवटीं शकासह जतन केलें. श्रेय वेगळें असणें म्हणजे श्रेय नसणें नव्हे.

दुसरें उत्तर अधिक मूलगामी आहे. प्रतिरूपणानें मिळणारें ज्ञान कोणत्या प्रमाणाचें, हा प्रश्न नैयायिकांच्या परिभाषेंत विचारून पाहावा. तें प्रत्यक्ष नव्हे, कारण अणु कोणाच्या डोळ्यांपुढें आलेले नसतात. तें शुद्ध अनुमानही नव्हे. कारण व्याप्ति ठाऊक असूनही निष्कर्ष आधीं सांगतां येत नाहीं, यंत्र चालवूनच पाहावा लागतो. सांखळीच्या गणनेनें फर्मीसारख्याची अपेक्षा खोटी ठरविली, ती ह्याचमुळें. उपमानाशीं तिचें साम्य आहे, परंतु सादृश्य किती खरें हें पुन्हां तपासावेंच लागतें. राहिलें शब्दप्रमाण. १९५३ मध्यें मॅनिॲकसारखें यंत्र जगांत विरळा होतें, आणि मासिकांत आज्ञावली छापलेली नव्हती. लेख वाचणारा आलेखावर जो विश्वास ठेवीत होता तो कोणाच्या तरी शब्दावर. शब्दप्रमाण आप्तावर उभें असतें. आप्त म्हणजे वस्तु यथार्थ जाणून यथार्थ सांगणारा. यंत्रांत काय घातलें होतें हें यथार्थ जाणणारी व्यक्ति कोण? जिनें आज्ञा लिहिल्या ती. एक आज्ञा चुकली तर यंत्र ती चूकही निमूटपणें पाळतें, आणि आलेख तितकाच सुबक निघतो.

म्हणून आज्ञा रचणारा हा सांगितलेलें उतरून घेणारा लेखनिक नव्हे. प्रयोगांत उपकरण घडविणारास जें स्थान, तें प्रतिरूपणांत त्याचें आहे. त्याचें नांव गाळणें म्हणजे एका व्यक्तीवर अन्याय करणें तर खरेंच, परंतु त्याहून अधिक म्हणजे साक्षीपत्रांतून साक्षीदाराचें नांव खोडणें होय. असें साक्षीपत्र कोणत्याही न्यायसभेंत टिकलें नसतें.

(७) पुढील परंपरा व निष्कर्ष

१९५७ सालीं ऑल्डर व वेनराइट ह्यांनीं लिव्हरमोर येथें कणांची गति क्षणाक्षणानें मोजणारी दुसरी रीति पुढें आणली. त्यांच्या गणनांच्या आज्ञा पुढें वर्षानुवर्षें मेरी ॲन मॅन्सिग ह्यांनीं रचिल्या, व लेखांच्या शेवटीं आभारांत त्यांचें नांव येत राहिलें. १९६४ मध्यें त्याच मार्गानें द्रवरूप अर्गॉनाच्या ८६४ अणूंचें प्रतिरूपण प्रसिद्ध करणारे अनीसुर रहमान हे १९२७ सालीं हैदराबाद येथें जन्मले. त्या संस्थानांत तेव्हां मराठवाडाही समाविष्ट होता. अमेरिकेंतील आर्गॉन प्रयोगशाळेंत केलेल्या ह्या कामाचा लेख त्यांच्या एकट्याच्या नांवें आहे. अमेरिकन फिजिकल सोसायटी संगणकीय पदार्थविज्ञानाचें आपलें पारितोषिक त्यांच्या नांवें देते. ज्या विद्येंत आमच्या प्रदेशाशेजारच्या एका पुरुषाचें नांव योग्य स्थानीं नोंदलें गेलें, त्याच विद्येंत तितकेंच काम केलेल्या दुसऱ्या व्यक्तींचीं नांवें तळटीपेंत राहावीं, ही विसंगति उपेक्षणीय नव्हे.

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. १९४८ ची एनिॲकवरील गणना फॉन नॉयमनच्या आराखड्यावर क्लारा फॉन नॉयमन ह्यांनीं आज्ञाबद्ध केली. ह्यास हस्ताक्षराचा आधार आहे. १९५३ ची आज्ञावली आरियाना रोझेनब्लूथ ह्यांची. ह्यास सहलेखकाची साक्ष आहे, आणि विरुद्ध अनुमान ज्यावर उभें होतें तो नामक्रम केवळ वर्णानुक्रम ठरतो. १९५५ ची गणना मेरी त्सिंगू ह्यांनीं रचिली व चालविली. ह्यास स्वतः अहवालाच्या मुखपृष्ठाचा आधार आहे. तिन्ही पुरावे सारख्या बळाचे नाहींत. तिसरा निर्णायक, पहिला भक्कम, आणि दुसरा संभाव्यतेच्या वरच्या पायरीवरचा होय.

रूढ झालेलीं नांवें बदलतीलच असें नाहीं, व बदललींच पाहिजेत असा आमचा आग्रहही नाहीं. मेट्रोपोलिस-रीति हें नांव सोयीचें आहे, तें चालेल. परंतु ह्या विषयाचें पाठ्यपुस्तक मराठींत लिहूं पाहणारानें नांवाखालीं एक ओळ अधिक लिहावी. ताम्रपट कोरविणाऱ्या राजांस आपल्या दानाच्या खालीं कोरणाराचें नांव घालण्यांत कमीपणा वाटला नाहीं. आज विज्ञानाचा इतिहास लिहिणारांसही तो वाटूं नये.